बिघाड गृहीत धरा, मगच भरवसा ठेवा

हवामानाच्या अंदाजापासून बँकेच्या खात्यापर्यंत आपले दैनंदिन व्यवहार दूरदूरच्या असंख्य संगणकांच्या साखळीवर अवलंबून आहेत. ही साखळी कधीच तुटणार नाही, अशी ग्वाही कोणीही देऊ शकत नाही. ती तुटल्यावर काय करायचे, याची सिद्धता मात्र ठेवता येते. महापुराचा अनुभव गाठीशी असलेल्या कोल्हापूरने तरी या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करायला हवा.

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष एका आकड्याकडे लागलेले असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे गणित येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये याच बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. पूर्वी हा आकडा बंधाऱ्यावर जाऊन पाहावा लागे किंवा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात वाचावा लागे. आता तो हातातल्या मोबाइलवर दिसतो आणि त्याच्या जोडीला पुढच्या काही दिवसांच्या पावसाचा अंदाजही दिसतो.

या साध्या सोयीमागे किती यंत्रणा राबत असतात, याची कल्पना सहसा नसते. घाटमाथ्यावरील पर्जन्यमापक, धरणांवरील पातळीच्या नोंदी, जलसंपदा विभाग, हवामान विभाग, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील महासंगणक, दूरसंचार कंपन्यांच्या तारा आणि शेवटी जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष अशी ही लांबलचक साखळी आहे. यातील प्रत्येक दुवा वेगळ्या ठिकाणी आहे आणि त्याचा मालकही वेगळा आहे. मात्र पूर आला की ही सारी यंत्रणा एकदिलाने चालावी, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हा खरा प्रश्न आहे.

ग्रिडची कल्पना आणि तिची मर्यादा

विखुरलेले संगणक जोडून त्यांच्याकडून एकत्रित काम करून घेण्याच्या पद्धतीला ग्रिड कॉम्प्युटिंग असे नाव मिळाले. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी १९९८ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे ही संकल्पना जगभर रूढ झाली. नाव अर्थातच विजेच्या ग्रिडवरून घेतलेले. घरातला दिवा लावताना वीज कोयनेची की चंद्रपूरची, हे कोणी विचारत नाही. संगणनाची शक्तीही तशीच, कुठून आली हे न विचारता वापरता यावी, ही त्यामागची कल्पना होती.

महाराष्ट्राचा या कल्पनेशी जवळचा संबंध आहे. परम मालिकेचे महासंगणक घडविणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकने २००० च्या दशकाच्या मध्यात ‘गरुड’ हा राष्ट्रीय ग्रिड प्रकल्प हाती घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडण्यात आल्या. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील महाकाय कणत्वरकाची माहिती आजही अशाच जागतिक ग्रिडवर साठवली आणि तपासली जाते. ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे त्यात सहभागी असून, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्यांपैकी एक आहे. पुढे ‘ग्रिड’ हा शब्द मागे पडून त्याची जागा ‘क्लाउड’ने घेतली. नाव बदलले तरी मूळ अडचण बदलली नाही. यंत्रे अनेक असली की त्यांतील काही बंद पडणारच.

ज्या विजेच्या ग्रिडवरून हे नाव आले, त्याचा इतिहासही हेच सांगतो. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे कोलमडले. दुसऱ्या दिवशी उत्तरेसह पूर्व आणि ईशान्येकडील जाळीही कोसळली आणि ६० कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. एका वाहिनीवरचा भार दुसरीवर, दुसरीवरचा तिसरीवर असे होत होत बिघाड पसरत गेला. जोडलेपणामुळे ताकद वाढते, पण त्याच जोडलेपणातून बिघाडही दूरवर पोहोचतो. पश्चिमेचे ग्रिड त्या वेळी वेगळे होऊन तगले, म्हणूनच महाराष्ट्रातले दिवे चालू राहिले.

हजारात एक, म्हणजे रोज एक

बिघाडाचे गणित सामान्य समजुतीला चकवणारे आहे. समजा, एक संगणक सरासरी हजार दिवसांतून एकदाच बंद पडतो. घरातल्या किंवा कार्यालयातल्या यंत्राच्या बाबतीत ही कामगिरी उत्तमच म्हणायची. परंतु असे एक हजार संगणक जोडून त्यांच्यावर एकच काम सोपवले, तर त्यांतील कोणता ना कोणता संगणक सरासरी रोज बंद पडणार. चोवीस तास चालणारे एखादे गणित एकही यंत्र न थांबता पूर्ण होण्याची शक्यता मग जेमतेम ३७ टक्के उरते. प्रत्येक यंत्र चांगले असूनही सगळ्यांची मिळून केलेली व्यवस्था बेभरवशाची ठरते, ती अशी.

हवामानाच्या अंदाजाला हे गणित तंतोतंत लागू पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया. याच ताकदीच्या बळावर मे २०२५ मध्ये देशाला ६ किलोमीटरच्या चौकटींत मोजणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मिळाली. अशा यंत्रात हजारो प्रक्रियक एकाच वेळी राबत असतात आणि त्यांचे काम एकमेकांत गुंतलेले असते. शिवाय या गणिताला वेळेचे बंधन आहे. राधानगरीच्या पाणलोटात उद्या किती पाऊस पडेल, याचे अचूक उत्तर परवा मिळाले, तर त्याचा उपयोग काय?

यावरचा पहिला उपाय म्हणजे अधूनमधून आतापर्यंतच्या कामाची नोंद सुरक्षित ठेवणे. बिघाड झालाच तर काम पहिल्यापासून न करता शेवटच्या नोंदीपासून पुढे नेता येते. पण नोंद करण्यातही वेळ जातो. ती वारंवार केली तर मूळ काम रखडते आणि क्वचित केली तर बिघाडानंतर बरेच काम वाया जाते. या दोहोंचा सुवर्णमध्य काढण्याचे सूत्र जॉन यंग यांनी १९७४ मध्येच मांडले. दिवसातून सरासरी एकदा बिघाड होत असेल आणि नोंदीला पाच मिनिटे लागत असतील, तर त्यांच्या सूत्रानुसार दर दोन तासांनी नोंद करणे सर्वांत किफायतशीर ठरते. तात्पर्य असे की, बिघाडाचा खर्च हा अपवाद मानायचा नसतो. तो आधीच हिशेबात धरायचा असतो.

बंद पडला, मंदावला की खोटे बोलतो?

दूरचा संगणक उत्तर देत नाही, एवढेच कळते. तो बंद पडला आहे, मधली तार तुटली आहे की तो केवळ कामाच्या ओझ्याने मंदावला आहे, हे येथून ओळखण्याची खात्रीशीर युक्ती नाही. बंद पडला असे समजून त्याचे काम दुसऱ्याकडे दिले आणि तो नुसताच मंदावलेला निघाला, तर एकच काम दोनदा होते. हवामानाच्या गणितात याने फारसे बिघडत नाही. बँकेच्या खात्यातून मात्र दोनदा पैसे जातात. म्हणूनच प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन, तोच व्यवहार पुन्हा आला तर तो ओळखून बाजूला ठेवण्याची काळजी घ्यावी लागते.

याहून अवघड प्रसंग म्हणजे यंत्र चालू आहे, उत्तरही देते आहे, पण उत्तर चुकीचे आहे. लेस्ली लॅम्पोर्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने याची मांडणी केली. एक खोटे बोलणारा सहकारी पचवून सर्वांचे एकमत घडवायचे असेल, तर एकूण किमान चार जण लागतात, असे त्यांनी दाखवून दिले. परग्रहावरील संदेशांचा शोध घेण्यासाठी १९९९ ते २०२० या काळात जगभरच्या घरगुती संगणकांचा वापर करणाऱ्या सेटी@होम प्रकल्पानेही हाच धडा गिरवला. कोणा अनोळखी संगणकाच्या उत्तरावर विसंबण्याऐवजी एकच काम अनेकांना देऊन उत्तरे ताडून पाहिली जात. विश्वास ठेवायचा, तो व्यक्तीवर किंवा यंत्रावर नाही, तर पडताळणीच्या पद्धतीवर.

पर्याय होता, निर्णय नव्हता

तत्त्वे इतकी जुनी असताना बिघाड महागात का पडतात? २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात जे घडले, त्यात याचे उत्तर आहे. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले आणि ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या एकाच सुमारास अस्थिर झाल्या आणि माहिती साठविणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. बाजाराचे आपत्कालीन केंद्र चेन्नईत होते. तरीही व्यवहार तिकडे हलविले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. महत्त्वाच्या यंत्रणेत खंड पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे, असे बंधन आले. २०२४ च्या मार्च आणि मे महिन्यांत शनिवारी खास सत्रे भरवून आपत्कालीन केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून पाहण्यात आले. यंत्रांची दुसरी फळी आधीही उभी होतीच. तिच्याकडे कधी वळायचे आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हे या घटनेनंतर काटेकोरपणे ठरले.

दुसरे उदाहरण भाजीच्या गाड्यापर्यंत पोहोचलेल्या यूपीआयचे. १२ एप्रिल २०२५ रोजी ही सेवा देशभर काही तास विस्कळीत झाली. व्यवहार पूर्ण झाला की नाही, याची चौकशी काही बँकांच्या यंत्रणांकडून वारंवार होत राहिली आणि त्या भडिमाराने मुख्य यंत्रणा आणखी दबली, असे कारण नंतर पुढे आले. एकेका बँकेच्या दृष्टीने पाहिले तर पुन्हा विचारण्यात गैर काही नव्हते. सर्वांनी एकदम विचारले, तेव्हा त्याचाच पूर झाला. अशा चौकशांची संख्या आणि त्यांतील अंतर यांवर आता मर्यादा घालण्यात आली आहे.

तिसरे उदाहरण सहकाराच्या या भूमीला अधिक जवळचे आहे. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने या कंपनीचा आपल्या जाळ्याशी असलेला संबंध तातडीने तोडला. देशातील सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ग्राहक त्या काळात देयक सेवांपासून वंचित राहिले, पण लागण इतरत्र पसरली नाही आणि दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. बाधित भाग वेगळा काढून बाकीची व्यवस्था वाचविण्याचा हा निर्णय योग्यच होता. मात्र शेकडो बँकांचा भार एकाच पुरवठादारावर असतो, हेही त्या दिवशी उघड झाले. वरवर विखुरलेली दिसणारी व्यवस्था आतून एकाच खांबावर उभी असू शकते.

पुरात दोन्ही प्रती बुडाल्या तर?

कोल्हापूरचा प्रश्न येथे सुरू होतो. दोन प्रती ठेवल्या की आपण सुरक्षित, हे गृहीतक दोन्ही प्रतींवर एकाच वेळी संकट येणार नाही, या समजुतीवर उभे आहे. महापूर नेमकी तीच समजूत खोटी ठरवतो. २०१९ आणि २०२१ मध्ये वीज उपकेंद्रांत पाणी शिरले, शहराला पाणी पुरविणारी उपसा केंद्रे बुडाली आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्यांचा साठवलेल्या विजेवरचा वेळ संपत जातो. जनित्र असले तरी रस्ता बंद असल्याने डिझेल पोहोचत नाही. हे बिघाड वरकरणी वेगवेगळे, पण त्यांचे कारण एकच.

म्हणूनच शाहूपुरीतल्या संस्थेने आपल्या माहितीची दुसरी प्रत कसबा बावड्यात ठेवली, तर ती दुसरी प्रत असून नसल्यासारखीच. सांगलीत ठेवली तरी फारसा फरक नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि २०१९ मध्ये दोन्ही शहरे एकाच आठवड्यात पाण्याखाली होती. प्रत हवी ती या खोऱ्याबाहेर, आणि तिच्यापर्यंत जाणारे मार्गही दोन स्वतंत्र हवेत. दोन कंपन्यांकडून जोडण्या घेतल्या, पण दोघींच्या तारा महामार्गालगतच्या एकाच चरातून गेल्या असतील, तर एका घावात दोन्ही तुटणार. तळघरात बसवलेल्या जनित्राचीही गत तीच.

बिघाडाच्या वेळी काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हेही आधीच ठरवावे लागते. संपर्क तुटलेल्या काळात यंत्रणेने अचूकतेचा आग्रह धरावा की सेवा चालू ठेवावी, यांतून एकाचीच निवड करता येते, असा सिद्धांत एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडला. या निवडीचे उत्तर कामागणिक वेगळे असते. खात्यातील शिल्लक चुकीची दाखवण्यापेक्षा बँकेने ‘सेवा तूर्त बंद’ असे सांगणे केव्हाही बरे. पुराची पातळी मात्र तासाभरापूर्वीची असली तरी, ती कोणत्या वेळेची आहे हे स्पष्ट लिहून दाखवणे, काहीच न दाखवण्यापेक्षा शतपटीने चांगले. जुना आकडा ताजा म्हणून दाखवणे हा या दोहोंपेक्षा मोठा अपराध ठरेल. आणि सर्व यंत्रे मुकी झाली, तर बंधाऱ्यावरच्या फूटपट्टीवरील आकडा वाचून कळवणारा माणूस व्यवस्थेत हवाच. त्याला कालबाह्य ठरवून चालणार नाही.

राधानगरीचा धडा

या संदर्भात राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या राधानगरी धरणाकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोहोचले की पाण्याच्याच जोराने एकेक करून उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. त्यासाठी वीज, दूरध्वनी किंवा वरिष्ठांचा आदेश यांची वाट पाहावी लागत नाही. केंद्राशी संपर्क तुटला तरी प्रत्येक भागाने आपल्यापुरता सुरक्षित निर्णय घ्यावा, हे विखुरलेल्या संगणकांच्या शास्त्रातील तत्त्व येथे लोखंडात आणि दगडात उतरलेले आहे.

अर्थात या स्वायत्ततेलाही मर्यादा आहे. दरवाजा धरण वाचवतो, पण खाली पंचगंगेला आधीच पूर आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते पाहण्यासाठी सर्व धरणांची एकत्रित माहिती हवी, आणि ती राज्याच्या सीमेवर थांबून चालत नाही. कर्नाटकातील अलमट्टीच्या पाणीपातळीवरून दोन राज्यांत दर पावसाळ्यात होणारा वाद या माहितीचे मोल सांगून जातो. संपर्क असताना समन्वय आणि संपर्क तुटल्यावर स्वायत्तता, असे दुहेरी धोरणच शेवटी टिकते.

बरगे वेळेवर काढायला हवेत

यातील बहुतेक उपायांना मोठा पैसा लागत नाही, शिस्त लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढले जातात. पाणी आल्यावर काढू म्हटले तर ते निघत नाहीत, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकांच्या बाबतीत मात्र आपण पाणी आल्यावरच धावतो. राखीव यंत्रणा खरेदी केली जाते, तिचे उद्घाटन होते आणि पुढे ती एकदाही चालवून पाहिली जात नाही. सुरक्षित ठेवलेल्या नोंदींवरून काम पुन्हा उभे करता येते का, याची परीक्षा बहुधा संकटाच्या दिवशीच होते.

महापालिका, जिल्हा प्रशासन, सहकारी बँका, दूध संघ, रुग्णालये आणि विद्यापीठ यांनी मे महिन्यात एक दिवस ठरवून मुख्य यंत्रणा मुद्दाम बंद करावी आणि राखीव यंत्रणेवर पूर्ण दिवस काम करून पाहावे. आपत्ती कोणी आणि किती मिनिटांत जाहीर करायची, हे पदनामासह लिहून ठेवावे. वर्षभरात कोणते बिघाड झाले, किती वेळ सेवा बंद होती आणि त्यातून काय सुधारले, याचा गोषवारा नागरिकांसमोर ठेवावा. बिघाड लपवण्याची सवय असलेल्या यंत्रणेला बिघाडातून शिकता येत नाही. नागरिकांनीही दर बिघाडाला बळीचा बकरा शोधण्याऐवजी, तोच बिघाड दुसऱ्यांदा का झाला, असा जाब विचारायला हवा.

अधिक मोठे संगणक येतील, अंदाज अधिक नेमके होतील. त्यांच्यावरचे आपले अवलंबित्वही तितकेच वाढेल. जून उजाडण्यापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक संस्थेने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. वीज गेली, रस्ता बंद झाला आणि मुख्य संगणक पाण्यात गेला, तर पुढच्या तासाभरात आपल्याकडे कोण काय करणार आहे? या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिलेले आणि प्रत्यक्ष करून पाहिलेले असेल, तरच त्या यंत्रणेवर भरवसा ठेवता येईल.